बोटभर लांब मॅगझिन

टिकली : सरळ सांगा ना, पिस्तूल गेलं तर गेलं. उद्या मॅच आहे आणि तुम्ही नुसते भिंगातून बघत बसलाय.

काका : बघू तर दे. डॉक्टरसुद्धा आधी जीभ बाहेर काढायला लावतो.

टिकली : मी पाडलंबिडलं नाहीये. गोळ्या भरून मॅगझिन बसवलं, दोन झाडल्या, तिसरीला अडकलं. बस.

काका : कुठलं मॅगझिन?

टिकली : म्हणजे? मॅगझिन ते मॅगझिन.

काका : टिकले, तुझं पिस्तूल इथे टेबलावर उघडून ठेवलंय. आत काय झालंय ते दिसतंय मला.

टिकली : पप्पांचं लावलं होतं.

काका : तरीच.

टिकली : तरीच काय? मी तुम्हाला आधी विचारलं होतं. पप्पांच्या पिस्तुलाचं मॅगझिन माझ्यात चालेल का, म्हणून इथेच आणून दाखवलं होतं. तुम्ही काय म्हणालात? राहू दे. पुढे एक शब्द नाही.

काका : म्हटलं होतं खरं.

टिकली : कंपनी एक, गोळी एक. नेमबाजीच्या क्लबात दोघांना विचारलं, दोघंही म्हणाले, बिनधास्त लाव. मग मला वाटलं…

काका : काय वाटलं?

टिकली : जाऊ द्या.

काका : बोल ना. इथे कोण आहे ऐकायला?

टिकली : तुम्हालाच नको असेल, असं वाटलं. तुम्ही आईशी लग्न करून या घरात आल्यापासून पप्पांच्या वस्तू एकेक करून कपाटात गेल्या. आईनेच ठेवल्या, माहितीये मला. पण हे मॅगझिन मला उद्या हातात हवं होतं. पप्पा गेल्यानंतरची माझी पहिली मोठी मॅच आहे.

काका : हं.

टिकली : रागावलात?

काका : नाही. तो बारीक चिमटा दे. आणि हे बघ, दोन्ही मॅगझिनं शेजारी शेजारी ठेव. काय दिसतं?

टिकली : पप्पांचं लांब आहे. बोटभर.

काका : आणि खाच? पिस्तुलाचा खटका जिथे अडकतो ती?

टिकली : वरून मोजली तर दोघांची एकाच जागी.

काका : म्हणून ते तुझ्यात बसतं. हे सगळ्यांचं नसतं बरं का. याच कंपनीचं जुनं मॉडेल आणलंस तर खाच भलत्याच बाजूला असते, तिथे डोकं आपटलंस तरी बसणार नाही. या दोघांचं जमतं. तेही एकाच बाजूने. मोठ्याचं लहानात चालतं. तुझं आखूड मॅगझिन त्यांच्या पिस्तुलात घातलंस, तर त्याचा तळ मुठीला आधीच टेकेल आणि वर खटक्यापर्यंत पोचणारच नाही.

टिकली : म्हणजे क्लबातले बरोबर होते.

काका : बसतं, एवढं बरोबर होतं. आता मला दाखव, तू बसवलंस कसं. हवेतच दाखव.

टिकली : असं. तळहाताने, फाट्कन.

काका : हे कुणाचं?

टिकली : पप्पा असंच बसवायचे.

काका : माहीत आहे. त्यांचं पिस्तूल दुरुस्तीला माझ्याकडेच यायचं. मी आत काम करत असलो तरी त्या आवाजावरून कळायचं, साहेब आले म्हणून. पण त्यांच्या पिस्तुलाची मूठ लांब. मॅगझिनचा तळ मुठीला टेकायचा आणि तिथेच थांबायचा. तुझी मूठ आखूड, मॅगझिन खाली बोटभर लोंबतंय, त्याला अडवणारं कुणीच नाही. तू दणका दिलास, ते नको तितकं वर गेलं, आणि रिकामं काडतूस बाहेर ढकलणारी ही पत्ती वाकवून बसलं.

टिकली : म्हणजे पप्पांसारखं केलं म्हणून मोडलं.

काका : वाकलं. मोडलं नाही. आणि नवी पत्ती घालतोच आहे मी. तोंड नको पाडूस.

टिकली : हे तेव्हाच सांगितलं असतंत तर?

काका : सांगायचं जिवावर आलं होतं. मी नाही म्हणालो की तुला वाटणार, काकाला पप्पांचं सोसत नाही.

टिकली : तेच वाटलं.

काका : न सांगूनही तेच वाटलं. माझी दोन्हीकडून पंचाईत. अगं, मी ‘राहू दे’ म्हणालो म्हणजे माझ्याकडे राहू दे, म्हणालो. इथे, टेबलावर. मला माप घ्यायचं होतं. तू ते उचलून तरातरा निघून गेलीस.

टिकली : माझ्याकडे राहू दे?

काका : मग काय?

टिकली : कुणी असं बोलतं का काका? राहू दे म्हणजे नको.

काका : आमच्या धंद्यात गिऱ्हाईक वस्तू घेऊन येतं आणि आपण म्हणतो, राहू दे, बघतो.

टिकली : मी काय गिऱ्हाईक आहे?

काका : नाही. तिथेच चुकलं माझं.

आई : अहो, जेवायला येताय का दोघं? आणि ती बाही झाली का एकदाची?

टिकली : कसली बाही?

आई : सांगितलं नाही यांनी? माझा भाजी चिरायचा पाट गेला त्यात. चांगला जाड, हिरवा प्लास्टिकचा होता.

काका : मी नवीन आणून देतो म्हटलंय ना.

आई : तुम्ही म्हणता. मी अजून टोमॅटो हातात धरून चिरतेय.

टिकली : काका, दाखवा.

काका : हे. त्या लोंबणाऱ्या भागावर चढवायचं, बाहीसारखं. म्हणजे मॅगझिन जिथे थांबायला हवं तिथे थांबतं. अशी बाही विकत मिळायची पूर्वी, आता या मॉडेलची येत नाही. मॅगझिन तू घेऊन गेलीस, मग अंदाजाने घासत बसलो. पहिली सैल झाली, दुसरी तडकली. ही आज मापाला घालून बघतो.

टिकली : हिरवी आहे.

काका : काळा पाट तुझ्या आईकडे नव्हता. पंचांना विचारून ठेवलंय, चालेल म्हणाले. थांब, पत्ती बसली. हे रिकामं आहे, तूही बघून घे. तोंड भिंतीकडे. बाही चढवली. आता मार.

टिकली : तसंच?

काका : तसंच. त्यांच्यासारखं. कचरू नकोस.

(फाट्कन आवाज होतो.)

टिकली : थांबलं. काका, बरोबर जागेवर थांबलं.

काका : थांबणारच. आता खेचून बघ, हलतंय का? नाही ना?

आई : टिकले.

टिकली : काय गं?

आई : परत एकदा मार.

काका : मार. पन्नासदा मार, काही होत नाही त्याला. तू बस इथे, खुर्चीवर. उभी नको राहूस.

आई : मी ठीक आहे हो. किती दिवसांनी ऐकला हा आवाज. बरं वाटलं.

टिकली : काका, उद्या माझ्या मागे कोण उभं राहणार?

काका : आई येतेय की.

टिकली : आई डोळे मिटून उभी राहते.

आई : कानसुद्धा बंद करते मी. खोटं कशाला सांगू?

टिकली : तुम्ही उभे राहा.

काका : मी? ती त्यांची जागा आहे गं. मी आपला खाली बाकावर बसेन, पिस्तूल अडलं तर हाक मार.

टिकली : पप्पा नाहीत तिथे. मला पाठीमागे रिकामं वाटतं. तुम्ही मागे असलात तर नाही वाटणार. दुकान बंद ठेवा उद्या.

काका : बरं. दारावर कागद लावतो, आज बंद.

टिकली : नुसतं आज बंद लिहिलंत की लोक दिवसभर फोन करत बसतील. कारण लिहायचं असतं.

काका : काय लिहू?

टिकली : लिहा, मुलीची मॅच आहे.

काका : माझं अक्षर फार वाईट आहे. तू लिही, मी चिकटवतो.