कापसाचा खोकला

तू कवाचा खोकलून राह्यला, म्हणून सांगतो गड्या. आमच्या बाबाले दिवाळीपासून खोकला. मायनं हळदीचं दूध पाजलं, अडुळशाचा काढा देल्ला. दवाखान्याचं नाव काढलं का बाबाचं एकच, “घरात कापूस भरला हाय ना, त्याच्या धुळीनं येते. भाव आला का कापूस जाईन, अन् खोकलाही जाईन.”

संक्रांतीनंतर कापूस गाडीत भरून राळेगावच्या बाजारात इकाले गेला. मायनं घर झाडून काढलं. संध्याकाळी त्या रिकाम्या खोलीत बाबा खोकलले, तं आवाज दुप्पट घुमला. माय झाडू हातात धरून तशीच उभी राह्यली. म्हणे, “कापूस तं गेला. आता हा खोकला कोनाचा हाय?”

दुसऱ्या दिवशी मी त्याइले दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं छाती तपासली, थुंकी तपासाले पाठवली. मंग म्हणे, “काका, दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की तपासून घ्यावंच लागतं. तुम्ही इतके दिवस कशाची वाट पाहत होतात?”

बाबा खाली पाहून म्हणे, “भावाची, बाई.”