नदीकडच्या खोलीतले अकरा दिवस

मार्गदर्शक : आजी, दोरीच्या आत नका जाऊ. आणि पडद्यांना हात नको, फार जुने आहेत.

आई : जुने कसले! माझ्या वेळी निळे होते. आणि इस्त्री कुणी केलीय यांना? मधेच चुणी मोडलीय बघ.

लेक : आई, तू इस्त्री करायचीस त्याला पन्नास वर्षं झाली. आता नुसतं बघ.

मार्गदर्शक : म्हणजे तुम्ही या हवेलीत कामाला होतात?

आई : तीन वर्षं. खाली, मागच्या अंगाला इस्त्रीची खोली होती.

मार्गदर्शक : तिथे आता तिकिटं देतात. तर, ही मालकीणबाईंची खोली. नदीवरच्या निम्म्या बोटी या घराच्या होत्या, पण मूलबाळ नव्हतं. हा शिसवी पाळणा हौसेनं बनवून घेतला, दुर्दैवानं त्यात कधी कुणी झोपलं नाही.

आई : झोपलंय.

मार्गदर्शक : नाही आजी, कागदपत्रांत तसं…

आई : कागदपत्रांत कसं असेल? अकरा दिवस झोपलंय. ही झोपलीय. माझी लेक.

लेक : काय बोलतेस? माझा जन्म दवाखान्यातला ना?

आई : ते मी तुला सांगितलेलं. तू जन्मलीस खाली, इस्त्रीच्या खोलीत. आणि त्याच दुपारी तुला वर आणलं.

मार्गदर्शक : मी… बाहेर थांबते. तुम्ही बसा त्या बाकावर.

लेक : वर आणलं म्हणजे? नीट सांग.

आई : तुझे बाबा बोटीवरून पडून बुडाले तेव्हा मला पाचवा महिना होता. वय एकोणीस. माहेरचं कुणी उरलं नव्हतं. बाईंनी मला इथे बोलावलं आणि म्हणाल्या, मूल मला देशील? मी हो म्हटलं.

लेक : दिलं होतंस? मला?

आई : दिलं होतं.

लेक : भाजीची जुडी द्यावी तसं?

आई : बोल. बोलायचा हक्क आहे तुझा.

लेक : त्यांनी दमदाटी केली असेल. मोठी माणसं.

आई : नाही गं. तसं झालं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. माझे दोन्ही हात धरून मागितलं त्यांनी. आणि मला वाटलं, माझ्याजवळ काय आहे बाळाला द्यायला?

लेक : मग?

आई : दुधाला वेगळी बाई आणली. मी वर यायचं नाही, असं ठरलं होतं. दहा दिवस काढले. अकराव्या दिवशी मालकांचा सदरा पुढ्यात होता आणि वरून तुझं रडणं ऐकू आलं. थांबेचना. माझी चोळी भिजली. इस्त्री तिथेच राहिली, सदरा जळाला, आणि मी जिना चढून आले.

लेक : त्या चिडल्या?

आई : त्या खिडकीत तुला घेऊन उभ्या होत्या. माझ्याकडे बघितलं, माझ्या चोळीकडे बघितलं. मी तोंड उघडायच्या आत तुला माझ्या हातांत ठेवलं. म्हणाल्या, "हिला भूक लागलीय. घेऊन जा. पण लांब जा, ही माझ्या डोळ्यांसमोर वाढायला नको." संध्याकाळच्या बोटीनं मी गाव सोडलं.

लेक : इतकी वर्षं बोलली नाहीस.

आई : कसं बोलणार? गळक्या खोलीत वाढलीस तू. शेजारच्या मुलींचे उतरलेले कपडे घातलेस. दर वेळी वाटायचं, हिला कळलं तर विचारेल, तिथेच का नाही ठेवलंस?

लेक : त्या खोलीत गादी एकच होती, आई.

आई : तेच म्हणतेय मी.

लेक : म्हणून रोज तुझ्या कुशीत झोपायला मिळायचं. मला वाटायचं, बाकीच्या पोरींना वेगळं झोपवतात, किती वाईट.

(आई पदरानं डोळे पुसते. लेक तिच्या जवळ सरकते.)

लेक : एक सांग. ते अकरा दिवस रात्री मी रडले की कोण उठायचं?

आई : त्याच. दूध पाजून झालं की त्या बाईला हातसुद्धा लावू द्यायच्या नाहीत म्हणे. रात्रभर मांडीवर घेऊन बसायच्या.

लेक : रात्रभर?

आई : हो. आणि तरी परत दिलं मला.

मार्गदर्शक : माफ करा हं, बंद व्हायची वेळ झालीय. पण… बाईंची तसबीर खालच्या दालनात आहे. हवं तर मी ते दार उघडं ठेवते.

लेक : ठेवा. आम्ही येतो. चल, आई.

आई : मी नाही बाई. त्यांच्यासमोर उभी राहून बोलू तरी काय?

लेक : काही बोलू नकोस. नुसती मला दाखव त्यांना.