अनसूया सिस्टर उठून उभ्या राहिल्या

मंडळी, आदर हा माणसाच्या अंतःकरणात असतो. असं शास्त्र सांगतं.

प्रत्यक्षात तो गुडघ्यांत असतो! कोणी मोठा माणूस आत आला, की अंतःकरणाला कळायच्या आत गुडघे सरळ झालेले असतात. तेव्हा आजचा प्रश्न असा – मान द्यायचा तो मनाने की पायाने? मागच्या रांगेतले म्हणतील, बुवा, पायानेच, आमच्या मनाला वेळ नाही. ठीक आहे. मग ऐका.

वैकुंठातसुद्धा हीच तऱ्हा. नारद आले की भगवंत उठतात. लक्ष्मीमाता पाय चेपत बसलेल्या – त्यांच्या हातातला पाय एकदम नाहीसा! दर वेळी! त्या माउलीला कोणी विचारलं का, बाई, तुमचं काम अर्धवट राहिलं त्याचं काय? नारदमुनी आम्हा कीर्तनकारांचे मूळ पुरुष, म्हणून मी जास्त बोलत नाही. पण न कळवता येतात, हे खरं आहे.

तर अशाच एका वैकुंठात – म्हणजे एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात. नाव सांगत नाही, ट्रस्टी समोर बसलेत – अनसूया धनवडे नावाच्या सिस्टर होत्या. पुढे तिथल्याच नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागल्या. प्राचार्यबाई निवृत्त व्हायला आल्या होत्या. ट्रस्टने सांगितलं, पुढची प्राचार्य पीएच.डी.वालीच हवी. तुम्ही प्रवेश मिळवा, खुर्ची तुमची. नाही मिळाला, तर बाहेरून बाई आणू.

आणि अनसूयाबाईंना ती खुर्ची हवी होती. लपवायचं कशाला? चांगल्या माणसांनाही खुर्ची हवी असते, मंडळी. वाईट माणसांना ती आधी मिळते, एवढाच फरक!

आता पीएच.डी. म्हटलं की विषय आला. यजमान विनायकराव भूमी अभिलेख कार्यालयात. त्यांनी सुचवलं, "अगं अनू, मधुमेह घे. मधुमेहाला कोणी नाही म्हणत नाही."

"अहो, मधुमेहावर सगळ्यांनी लिहून झालंय."

"मग त्यांचं बघून लिही! तेवढंच काम कमी."

पण बाईंच्या डोक्यात दुसरंच होतं. त्या वॉर्डात होत्या तेव्हाची गोष्ट. एक सिस्टर एका आजोबांना पेज भरवत होती. तेवढ्यात मोठे डॉक्टर राउंडला आले. सिस्टर ताडकन उभी! चमचा आजोबांच्या तोंडात तसाच! गिळता येईना, काढता येईना, हातात सलाईन. आणि डॉक्टर विचारतात, "काय आजोबा, आज गप्प गप्प?"

हसलात? हसा. पण दुसऱ्या दिवशी दुसरी सिस्टर अशीच उठली. तिच्या हातात गोळ्या होत्या. राउंड संपला, आणि तिला आठवेना की शेवटच्या खाटेवरच्या आजींना गोळी दिली की द्यायची राहिली. पुन्हा द्यावी, तर दुप्पट होईल. न द्यावी, तर उपास. ती पोर रडायला लागली. शेवटी आजींच्या सुनेने पाहिलं होतं म्हणून निभावलं. सुनेने सासूकडे लक्ष दिलं, हा त्यातला चमत्काराचा भाग!

तेव्हापासून अनसूयाबाईंचा विषय ठरला – डॉक्टर आले की नर्स हातातलं काम सोडून उभी का राहते, आणि त्यात रुग्णाचं काय होतं.

मेट्रनबाई म्हणाल्या, "अनसूया, हा विषय आहे की भांडण?"

"मॅडम, नुसतं विचारायचंय."

"भांडणं अशीच सुरू होतात."

आला मुलाखतीचा दिवस. विद्यापीठात मोठं टेबल. बाईंसाठी अलीकडे एक खुर्ची, पलीकडे तीन. दोन खुर्च्यांवर शेवडे मॅडम आणि कुरियन मॅडम – दोघी डॉक्टरेट, दोघी मूळच्या नर्सच. तिसरी खुर्ची रिकामी. ती सर्जन रणदिवे सरांची. ते ऑपरेशनमध्ये अडकले होते.

शेवडे मॅडमनी चष्मा पुसला. "काय हो, ही तर साधी सवय आहे. सुटते. तुम्ही स्वतः उठता का?"

आता बाईंनी काय करावं? खरं सांगावं! पण समोर प्राचार्यांची खुर्ची तरंगत होती. बाई म्हणाल्या, "छे! मी केव्हाच सोडलं. अजिबात उठत नाही."

आणि दार उघडलं. रणदिवे सर!

अनसूयाबाई ताडकन उभ्या!

संपलं, मंडळी! सगळी पीएच.डी. गुडघ्यातून वाहून गेली! बाईंनी डोळे मिटले. आता मॅडम हसणार, आता "तुम्ही या" म्हणणार. पण कोणी हसेना. बाईंनी हळूच डोळे उघडून पाहिलं, तर काय – शेवडे मॅडम उभ्या! कुरियन मॅडम उभ्या! दोघींची मान खाली, हात मागे, थेट विद्यार्थिनी असल्यासारख्या!

सर म्हणाले, "बसा, बसा."

सरांच्या आधी बसायचं कसं? कुरियन मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही बसा ना."

"छे छे, आधी तुम्ही. बायका उभ्या असताना मी कसा बसू?"

"पण सर –"

"अहो, बसा हो!"

पेटी जरा वर घ्या बघू –

*चौघे उभे नि खुर्च्या चारी, रिकाम्याच त्या बाई ।*
*बसा बसा हो म्हणती सारे, बसे कुणीही नाही ॥*

तेवढ्यात शिपाईमामा चहा घेऊन आले. चौघं उभी बघून म्हणाले, "संपलं होय? मग चहा परत नेऊ?"

बाईंनी विचार केला, आता बुडायचंच आहे, तर खरं बोलून बुडू. म्हणाल्या, "मॅडम, मघाशी मी खोटं बोलले. मी उठते. रोज उठते. आता का उठले, ते मला माहीत नाही. तुम्ही दोघी का उठलात, ते तुम्हाला माहीत आहे का?"

शेवडे मॅडमनी कुरियन मॅडमकडे पाहिलं. कुरियन मॅडमनी चहाकडे पाहिलं.

"मला एवढंच शोधायचंय," अनसूयाबाई म्हणाल्या. "बाकी काही नाही."

रणदिवे सर धपकन बसले. मग सगळ्या बसल्या. सरांनी चहाचा कप पुढे ओढला. म्हणाले, "खरं सांगू का, सिस्टर? मी कुठेही गेलो की लोक उठतात. मला इतकी वर्षं वाटत होतं, मी येतो तेव्हा सगळ्यांची निघायची वेळ झालेली असते."

प्रवेश मिळाला! विषयासकट मिळाला! म्हणा, विठ्ठल विठ्ठल!

आता मंडळी, हसलात, माना डोलावल्यात. मनात म्हणालात, काय बाई ह्या नर्सा! पण तुमचं काय? साहेब आले की तोंडातला घास तसाच ठेवून कोण उठतं? पुढारी आला की पंगतीतून उष्ट्या हाताने कोण उठतं? मी म्हणतो, मान द्या, पण हातातलं काम – अरे! कोण? अध्यक्षसाहेब! या, या, साहेब, पुढे या –

बघा! बघा आता! अहो, बसा! काकू, तुम्हीसुद्धा? मांडीवरचं नातवंड सांडलं की खाली! तबलजी, तुम्ही कुठे निघालात? ताल कोण धरणार? माझ्याकडे काय बघता, मी पहिल्यापासून उभाच आहे, तो माझा धंदा आहे! बसा म्हणतो ना! साहेब, आधी तुम्ही बसा, त्याशिवाय हे बसायचे नाहीत.

बसले. झालं. आटोपतो.

अनसूयाबाईंचं संशोधन पूर्ण झालं. निष्कर्ष असा निघाला की उभं राहण्याने रुग्णाचं नुकसान होतं, सबब ही पद्धत बंद करावी. बाई आता त्याच कॉलेजात प्राचार्य आहेत.

त्या वर्गात आल्या की मुली उभ्या राहतात.