शांताक्कानं विचारलं, किती खोल

अरे, आमच्या शांताक्कानं एका गोऱ्या माणसाला इंग्रजीत थांबवलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलंय. बाहत्तरच्या दुष्काळात घनसावंगीजवळ आमच्या बौद्धवाड्यात बोअरचं मशीन आल्तं. दिवसभर नुसती धूळ निघाली, तसा त्यावरचा परदेशी इंजिनिअर सामान आवरायला लागला. बाया घागरी घेऊन उभ्या. माझी ही मोठी बहीण तेव्हा मॅट्रिकला होती. ती पुटपुटायला लागली.

"काय करून राह्यली गं?" आईनं विचारलं.

"वाक्य जुळवून राह्यले. नुसता प्रश्न असला तर 'कॅन यू' येतं. आधी 'टेल अस' लावलं की 'यू कॅन' करावं लागतं."

"मंग लाव की जल्दी!"

अक्का पुढं झाली. "सर, प्लीज टेल अस हाऊ डीप यू कॅन गो." किती खोल जाता येतंय, तेवढं सांगा.

गोरा थबकला. त्यानं टोपी काढली. "आय डोन्ट नो हाऊ डीप," म्हणाला, "लेट अस सी."

मशीन परत सुरू झालं, आणि दिवस मावळायच्या आत पाणी उसळलं! गढूळ निवळल्यावर आईनं पहिला तांब्या भरला, अक्कापुढं धरला अन् म्हणाली, "घ्या बाई, आधी तुम्ही."

आईनं पोटच्या पोरीला अहोजाहो केलेलं मी तेव्हाच ऐकलं.