तीन ओळींच्या दुरुस्तीबाबत

नाव वीबके ओल्टमान्स, वय ५८ वर्षे, धंदा चर्चमधील ऑर्गनची दुरुस्ती व सूरजुळणी, राहणार एम्डेन.

बोलावल्यावरून आज पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, पायथन या संगणकभाषेत लिहिलेले एक पॅकेज मी चौदा वर्षे फावल्या वेळात, फुकट सांभाळते. कपाटातून फाइल काढून द्यावी तशी ते संगणकातून मागितलेली फाइल काढून देते. फिर्यादी कंपनी डॉक्टरांना रुग्णनोंदींचे सॉफ्टवेअर विकते. त्यात माझे पॅकेज आहे हे मला त्यांच्याच जाहिरातीच्या तळटीपेतून कळले.

दि. ४ मार्च रोजी मला त्यात भोक आढळले. फाइलच्या नावाआधी दोन टिंबे व एक तिरकी रेघ दिली, की पॅकेज शेजारचे कप्पेही उघडून देत असे. चूक माझी होती. तीन ओळींची दुरुस्ती दि. ६ रोजी प्रसिद्ध करून ती बसवून घ्यावी असे कंपनीला कळवले. पुढे आणखी नऊ पत्रे पाठवली. सगळ्यांना "आपले मत आम्हांला मोलाचे आहे" असे उत्तर आले.

दि. २ मे रोजी कंपनीचे सुरक्षाप्रमुख ल्युडेके फोनवर भेटले.

"ओल्टमान्सबाई, चालत्या यंत्राला आम्ही हात लावत नाही."

"अहो, पण ते उघडं आहे."

"दोन महिन्यांत आलं का कोणी?"

"आलं असेल तर तुम्हाला कळणार कसं?"

"मग आलं नाही असंच धरायचं," असे बोलून त्यांनी फोन ठेवला.

माझी धाकटी बहीण इमके माझ्याबरोबर राहत असे. तिचे मानसोपचारतज्ज्ञ हेच सॉफ्टवेअर वापरतात. ती म्हणाली, "माझीच फाइल काढ आणि ठेव त्या ल्युडेकेच्या टेबलावर. मग तरी हलेल." तिच्या लेखी संमतीने दि. ५ मे रोजी मी त्याच भोकातून तिच्या फाइलचे फक्त पहिले पान काढले. चार सेकंद लागले. पान तिचेच आहे ना, हे पाहण्यासाठी मी ते वाचले. त्यात माझ्याविषयी सहा ओळी आहेत. त्यांचा या तपासाशी संबंध नाही.

दि. ८ मे रोजी ते पान बंद पाकिटात घेऊन कंपनीत गेले. चहा विचारला नाही. ल्युडेके यांनी पान पाहून वकिलांना बोलावले. वकील म्हणाले, "भोक तुमचं, जगाला सांगितलंत तुम्ही, आत शिरलात तुम्ही. आमचं काय चुकलं?"

मी म्हटले, "तीन ओळी बसवल्या नाहीत."

"संशयिताकडून कुलूप घेत नसतात, बाई."

त्या संध्याकाळी इमकेने विचारले, "वाचलंस?" मी हो म्हणाले. दि. ९ पासून ती मैत्रिणीकडे राहते.

माझा संगणक जप्त आहे. पॅकेजात उद्या दुसरे भोक निघाल्यास ते बुजवणारे कोणी नाही. पहिले बुजवले की नाही, हे तपासण्यास मला मनाई आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात फिर्यादीवरून उतरवलेले "कंपनीने तत्काळ कारवाई केली" असे एक वाक्य होते. ते खोडा, असे मी सांगितले. जबाब घेणारे अधिकारी म्हणाले, "केली की. तुमच्यावर." ते खरे असल्याने वाक्य कायम ठेवून खाली सही करते.