कोचला पाठवलेला खेळ

दातांच्या दवाखान्यात मी पुस्तकात डोकं घालून बसलो होतो. शेजारी एक नवरा-बायको बोलत होते. पान काही उलटलं नाही.

"रविवारी ऑनलाइन पोकरची मोठी स्पर्धा आहे गं. त्याआधी कोच हवाच."

"मग? मिळाला का कुणी?"

"एक जण आहे, नावाजलेला. म्हणाला, आधी तुमचा सगळ्यात चांगला खेळ दाखवा, मग शिकवायचं का ते ठरवतो."

"कुठला पाठवलास?"

"तोच. दोनशे जणांत नववा आलो होतो तो."

"अरे, तेव्हा तू सोफ्यावर घोरत होतास! लॅपटॉप पोटावर."

"हळू बोल! आपण काही केलं नाही की कॉम्प्युटर आपोआप आपले पत्ते टाकून देतो, म्हणजे तो डाव सोडून देतो. तोवर बाकीचे एकमेकांना बाद करत बसले."

"हे सांगितलंस त्याला?"

"वेडी आहेस का?"

"बरं, काय म्हणाला?"

"म्हणाला, इतका संयम मी जन्मात पाहिला नाही."

"म्हणजे शिकवणार तुला!"

"नाही ना. तोच विचारतोय, मला शिकवाल का म्हणून."

"शिकव की. आपल्याकडे एक जास्तीची उशी आहे."