सिनेटर हॅचर यांचे विरोधी मत

खाणकामगारांच्या फुप्फुसांवर मोफत उपचार देणारे विधेयक सिनेटर हॅचर यांनी मांडले; मतदानात त्यांनीच त्याला विरोध केला.

वेस्ट व्हर्जिनियातल्या दवाखान्यात दोन निवृत्त खाणकामगार रांगेत होते: वर्ना आणि नाकाला प्राणवायूची नळी लावलेला डेल्बर्ट.

“हॅचरने विरोधात मत दिल्याचं हे पत्रक वाचलं आणि अंगणातली तिच्या प्रचाराची पाटी उपटली मी. दगाबाज बाई!”

“अगं वर्ना, पत्रकात पुढचं छापलंच नाही. नऊ दिवसांनी तेच विधेयक मंजूर झालं.”

“मग आधी विरोध कशाला?”

“विधेयक पडणार, हे तिला दिसलं. फेरमतदान फक्त जिंकलेल्या बाजूचा सदस्य मागू शकतो. म्हणून शेवटच्या क्षणी ती त्या बाजूला गेली.”

“आणि नऊ दिवस शिव्या खाल्ल्या?”

“माझ्यासुद्धा. ही नळी मिळाली, तेव्हा मी माझी पाटी परत रोवली.”